अनुराधपूर पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीलंकेच्या उत्तर-मध्य भागातील अनुराधपूर ही सिंहली राजांची पहिली मोठी राजधानी होती आणि थेरवाद बौद्ध परंपरा जिथे रुजली, वाढली आणि लेखणीत उतरली, त्या मोजक्या स्थळांपैकी ती एक आहे. महाराष्ट्रातून तेथे जाणाऱ्यांत धम्मयात्रेकरू असतात तसे इतिहासाची आवड असणारे प्रवासीही असतात. दोघांच्याही मनात येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

अनुराधपूर किती जुने आहे आणि राजधानी म्हणून ते किती काळ टिकले?

‘महावंस’ या पाली इतिवृत्तानुसार इसवी सनपूर्व चौथ्या शतकात पांडुकाभय राजाने येथे राजधानी वसवली. जुन्या तटबंदीच्या आतील उत्खननांत ब्राह्मी अक्षरे कोरलेली खापरे सापडली असून त्यांतील काही अशोकाच्याही आधीची मानली जातात. म्हणजे बौद्ध धर्म येण्यापूर्वीच येथे लिपी जाणणारी, व्यापार करणारी वस्ती होती. पाचव्या शतकात काश्यप राजाने सिगिरियाला नेलेली गादी आणि असे काही खंड वगळले, तर इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारे तेराशे वर्षे, राज्यकारभार येथूनच चालला. १९८२ मध्ये युनेस्कोने या पुण्यनगरीचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

महाराष्ट्राशी या स्थळाचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो ओढूनताणून जोडलेला नाही. पाटलिपुत्राच्या तिसऱ्या धम्मसंगीतीनंतर, म्हणजे भिक्षूंच्या परिषदेनंतर, निरनिराळ्या प्रदेशांत स्थविर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, पाठवले गेले, त्यांची यादी ‘महावंसा’त दिली आहे. ज्या यादीत अशोकपुत्र महेंद्र स्थविरांना लंकेला पाठवल्याचे नमूद आहे, त्याच यादीत महाधम्मरक्खित स्थविरांना ‘महारट्ठ’ देशी आणि योनक धम्मरक्खितांना ‘अपरांतका’त, म्हणजे कोकणच्या किनारपट्टीवर, पाठवल्याचे सांगितले आहे. त्याच ग्रंथातील कथेप्रमाणे लंकेचा पहिला राजा मानला जाणारा विजय तेथे पोहोचण्यापूर्वी सुप्पारक बंदरात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात, उतरला होता. पण त्याच्या साथीदारांच्या दांडगाईमुळे त्याला तेथून निघावे लागले. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातील सिंहल अवदानाचे भव्य भित्तिचित्र अनेकांनी पाहिलेले असते. हत्ती-घोड्यांसह समुद्रापार उतरणारी ती सेना याच बेटावर निघालेली आहे. अलीकडच्या काळातील दुवा आणखी जवळचा आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष हा भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपुराहून आणलेल्या रोपांतून वाढलेला आहे.

पाहण्यासाठी एक दिवस पुरेसा आहे का?

सहलीच्या आखीव कार्यक्रमांत अनुराधपुराला बहुधा अर्धा दिवस देतात, आणि त्यात बोधिवृक्ष, एक-दोन स्तूप व समाधी बुद्ध एवढेच उरकले जाते. माझ्या मते दोन पूर्ण दिवस हवेत. अवशेष कित्येक चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत, दुपारचे ऊन काम करू देत नाही आणि या नगरीचे खरे आकलन होण्यासाठी स्तूपांइतकेच तलाव आणि कालवेही पाहावे लागतात. पहिल्या दिवशी सकाळी बोधिवृक्ष, लोहप्रासाद, रुवनवेलिसाय व थूपाराम हे स्तूप, सायंकाळी तिसावेवा तलावाचा बांध व इसुरुमुनिय विहार. दुसऱ्या दिवशी अभयगिरी, जुळी तळी, जेतवन आणि पश्चिमेकडील वनविहार, अशी विभागणी सोयीची पडते. शहराच्या पूर्वेकडील मिहिंतले डोंगरासाठी वेगळी अर्धी सकाळ ठेवावी.

कोणत्या ऋतूत जावे?

हा बेटाचा कोरडा भाग आहे आणि येथे मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, साधारणपणे ऑक्टोबर ते डिसेंबर-जानेवारीत पडतो. पाऊस ओसरल्यावर तलाव भरलेले आणि शेते हिरवी असतात. म्हणून फेब्रुवारी आणि मार्चचा आरंभ हा काळ सर्वांत चांगला. एप्रिलमध्ये उकाडा असह्य होतो. मे ते सप्टेंबर कोरडे, वाऱ्याचे दिवस असतात. तेव्हाही जाता येते, मात्र फिरणे पहाटे आणि उन्हे उतरल्यावर ठेवावे.

ज्येष्ठ पौर्णिमेचा ‘पोसोन’ हा महेंद्र स्थविरांच्या आगमनाचा उत्सव असतो. त्या दिवसांत देशभरातून लाखो लोक पांढऱ्या वस्त्रांत अनुराधपूर आणि मिहिंतलेला येतात आणि रस्त्यारस्त्यावर ‘दानसल’ लागतात, जेथे येणाऱ्या प्रत्येकाला मोफत जेवण व पेय दिले जाते. श्रद्धेने जाणाऱ्याने हा सोहळा एकदा तरी अनुभवावा. मात्र शांतपणे शिल्पे पाहायची असतील, तर तो आठवडा टाळावा. राहण्याची जागा त्या काळात खूप आधी ठरवावी लागते.

तेथे कसे पोहोचावे?

मुंबईहून कोलंबोला थेट विमाने आहेत. कोलंबोपासून अनुराधपूर सुमारे २०० किलोमीटर आहे. कोलंबो फोर्ट स्थानकातून उत्तरेकडे जाणाऱ्या रेल्वेगाड्या येथे थांबतात, बसगाड्याही वारंवार सुटतात आणि दोन्हींना साधारण चार ते पाच तास लागतात. प्रवेश परवान्याचे नियम अलीकडच्या वर्षांत अनेकदा बदलले आहेत, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर ते पाहून घ्यावेत. घड्याळ बदलावे लागत नाही, कारण दोन्ही देशांची प्रमाणवेळ एकच आहे.

गावात फिरण्यासाठी सायकल सर्वांत उत्तम. जमीन सपाट आहे, रस्त्यांवर जुन्या झाडांची सावली आहे आणि बहुतेक निवासगृहांत सायकल भाड्याने मिळते. वयस्कर मंडळी सोबत असतील तर दिवसभरासाठी तीनचाकी ठरवावी आणि कोणकोणती ठिकाणे दाखवायची हे निघण्यापूर्वीच स्पष्ट बोलून घ्यावे, कारण पश्चिमेकडील वनविहार आणि तलावांचे बांध चालकांच्या नेहमीच्या फेरीत नसतात.

प्रवेशशुल्काची व्यवस्था कशी आहे?

पुरातत्त्वीय परिसरासाठी परदेशी पाहुण्यांना तिकीट घ्यावे लागते. इसुरुमुनिय विहाराचे आणि मिहिंतलेचे शुल्क त्याहून वेगळे असते. सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचा दर लागू होतो, परंतु त्यासाठी मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. तो निवासगृहातच ठेवून निघाल्यास पूर्ण दर भरावा लागण्याची शक्यता असते. अभयगिरी व जेतवन परिसरात जागोजाग तपासणी होते, म्हणून तिकीट दिवसभर जपून ठेवावे.

पोशाख आणि वर्तनाचे कोणते नियम पाळावेत?

ही जागा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील निर्जीव अवशेष नाही. येथे आजही रोज पूजा चालते, त्यामुळे नियम मंदिराचे आहेत. खांदे व गुडघे झाकलेले असावेत, पांढरे किंवा फिकट कपडे असल्यास उत्तम. स्तूपाच्या व बोधिवृक्षाच्या आवारात चपला आणि टोपी दोन्ही काढावी लागतात. दुपारी दगडी फरशी इतकी तापते की अनवाणी चालणे अवघड होते; पायमोजे घालून चालायला हरकत घेतली जात नाही, म्हणून एक जाड जोडी पिशवीत ठेवावी. प्रदक्षिणा उजवीकडून घालावी. बुद्धमूर्तीकडे पाठ करून स्वतःचे छायाचित्र काढणे हा तेथे गंभीर अपमान समजला जातो, आणि अंगावर बुद्धाचे गोंदण असेल तर ते झाकलेलेच ठेवावे. या कारणावरून परदेशी पाहुण्यांवर कारवाई झालेली आहे. बोधिवृक्षाच्या प्रवेशद्वारी कसून झडती होते. यादवी युद्धाच्या काळात, १९८५ साली, या शहरात आणि याच आवारात शंभराहून अधिक निःशस्त्र भाविक व नागरिक मारले गेले होते; ही पार्श्वभूमी लक्षात घेऊन सुरक्षारक्षकांना सहकार्य करावे.

जय श्री महाबोधी हा वृक्ष खरोखरच अशोककालीन आहे का?

अशोकाची कन्या संघमित्रा थेरी यांनी बोधगयेच्या मूळ वृक्षाची दक्षिण शाखा इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात लंकेत आणली आणि देवानंपिय तिस्स राजाच्या हातून ती येथे लावली गेली, अशी परंपरा आहे. तेव्हापासूनची त्याची निगराणी इतिवृत्तांत सलग नोंदली गेली आहे. मानवाने लावलेला आणि लागवडीचा काळ ठाऊक असलेला जगातील सर्वांत जुना वृक्ष म्हणून त्याचा उल्लेख होतो. प्रथमच पाहणाऱ्याची थोडी निराशा होण्याचा संभव आहे, कारण डोळ्यांत भरणारे मोठे पिंपळ हे खालच्या चौथऱ्यांवरचे, नंतर लावलेले आहेत. मूळ वृक्ष सर्वांत वरच्या चौथऱ्यावर सोनेरी कठड्याच्या आत असून त्याच्या बारीक, वाकलेल्या फांद्यांना सोन्याचा मुलामा दिलेले टेकू लावले आहेत. सायंकाळच्या पूजेला जावे. वाळूत बसून परित्त, म्हणजे रक्षणासाठीची पाली सूत्रे, म्हणणारी कुटुंबे, कमळांची ताटे घेऊन आलेल्या आज्या आणि गळून पडणारे पान झेलण्यासाठी धावणारी मुले पाहिली की या वृक्षाचे वय हा वादाचा विषय राहत नाही. पान गळाले तर उचलावे. तोडण्याचा विचारही मनात आणू नये.

मोठे स्तूप दिसायला सारखेच वाटतात. त्यांत नेमके काय पाहावे?

प्रत्येक स्तूपामागची प्रेरणा वेगळी आहे आणि ती कळली की साम्य मागे पडते. थूपाराम हा सर्वांत पहिला, देवानंपिय तिस्साच्या काळातील. बुद्धाच्या गळ्याच्या हाडाचा धातू, म्हणजे पवित्र अवशेष, त्यात ठेवला असल्याचे मानतात. आकाराने तो लहान आहे आणि आजचे त्याचे घंटाकार रूप एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धाराचे आहे, मात्र त्याच्याभोवती समकेंद्री वर्तुळांत उभे असलेले सडपातळ दगडी खांब जुने आहेत.

रुवनवेलिसाय हा दुट्ठगामणी राजाने इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात आरंभलेला महास्तूप आज १०० मीटरहून उंच, शुभ्र आणि पूर्णपणे नांदता आहे. त्याच्या आकाराविषयी ‘महावंसा’त एक प्रसंग आहे. स्तूप कसा बांधशील, असे राजाने विचारताच कारागिराने सोन्याच्या पात्रात पाणी भरले, ओंजळभर पाणी वरून आपटले आणि उठलेला मोठा बुडबुडा दाखवून ‘असा’ एवढेच उत्तर दिले. स्तूप पूर्ण होण्यापूर्वीच राजा मरणासन्न झाला, तेव्हा धाकटा भाऊ सद्धातिस्स याने अपुऱ्या बांधकामावर पांढऱ्या कापडाचे आवरण चढवून वर वेताचे शिखर उभारले, जेणेकरून पालखीतून आलेल्या राजाला आपले काम पुरे झालेले दिसावे. हा प्रसंग वाचून गेलेला माणूस त्या पांढऱ्या अंडाकडे, म्हणजे घुमटाकडे, वेगळ्या नजरेने पाहतो.

जेतवन स्तूप महासेन राजाने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस उभारायला घेतला. मूळची उंची सुमारे १२२ मीटर होती आणि त्या काळी गिझाच्या दोन मोठ्या पिरॅमिडांखेरीज याहून उंच बांधकाम जगात नव्हते. त्यात नऊ कोटींहून अधिक भाजक्या विटा असल्याचा अंदाज आहे. शिखर मोडल्यामुळे आज तो सुमारे ७१ मीटर उरला आहे. त्याला चुन्याचा गिलावा नाही, म्हणून वीटकाम उघडे दिसते, आणि बांधकामात रस असणाऱ्याने सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. या स्तूपाचे मूळ एका कडव्या वादात आहे. महासेनाने ‘महाविहार’ या परंपरानिष्ठ थेरवादी मठाच्या भिक्षूंवर रोष धरला, त्यांचे विहार पाडून साहित्य अभयगिरी विहाराला नेऊ दिले आणि महाविहाराच्या हद्दीतच जेतवन उभे केले. लंकेत केवळ थेरवादच होता, ही समजूतही या आवारातील शोधाने दूर होते, कारण येथे महायान या दुसऱ्या बौद्ध प्रवाहातील प्रज्ञापारमिता ग्रंथाचा भाग कोरलेले सोन्याचे पत्रे सापडले असून त्यांची भाषा संस्कृत आणि लिपी सिंहली आहे.

अभयगिरी हा वट्टगामणी अभय राजाने इसवी सनपूर्व पहिल्या शतकात स्थापलेला विहार. पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भिक्षू फाहियान लंकेत दोन वर्षे राहिला, त्याने अभयगिरीत ५,००० भिक्षू असल्याचे नोंदवले आहे. येथील हिरव्या जेडच्या बुद्धमूर्तीपुढे कोणा व्यापाऱ्याने वाहिलेला पांढऱ्या रेशमाचा चिनी पंखा त्याला दिसला आणि वर्षानुवर्षे मायदेशापासून दूर असलेल्या त्या माणसाचे डोळे भरून आले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

तलाव पाहण्याचा एवढा आग्रह कशासाठी?

कारण या कोरड्या प्रदेशात तेराशे वर्षे राजधानी टिकली ती तलावांमुळे. वर्षातील काही महिनेच पडणारा पाऊस अडवून ठेवल्याशिवाय येथे भात पिकत नाही, आणि भात पिकल्याशिवाय हजारो भिक्षूंना भिक्षा मिळत नाही, स्तूपांवर राबणाऱ्यांना अन्न मिळत नाही. अभयवेवा, तिसावेवा आणि नुवरवेवा हे शहराचे तीन मोठे तलाव आजही भरलेले आणि वापरात आहेत. पाचव्या शतकात धातुसेन राजाने दक्षिणेला कलावेवा बांधला आणि तेथून सुमारे ८७ किलोमीटर लांबीच्या जयगंगा कालव्याने पाणी थेट तिसावेवात आणले. या कालव्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात उतार किलोमीटरला जेमतेम १० सेंटिमीटर आहे. आजच्या उपकरणांशिवाय इतका मंद उतार कित्येक किलोमीटर राखणे हे स्तूपाच्या उंचीपेक्षा मला मोठे काम वाटते.

बांधावर उभे राहिल्यास पाण्याच्या कडेला दगडी भिंतींची चौकोनी विहीर काही ठिकाणी दिसते. तिला ‘बिसोकोटुव’ म्हणतात. तलावाच्या खोल पाण्याचा दाब थेट मोरीवर आला तर बांध फुटेल, म्हणून पाणी आधी या विहिरीत घेऊन त्याचा वेग मोडायचा आणि मग मोरीतून पाटाला सोडायचे, अशी ती योजना आहे. वरच्या तलावाचा सांडवा आणि शेतातून निचरलेले पाणी खालच्या तलावात जाते, तेथून आणखी खालच्या. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही साखळी समजावून सांगावी लागणार नाही.

हीच दृष्टी विहाराच्या आवारातही आढळते. अभयगिरीजवळच्या ‘कुट्टम पोकुण’ या जुळ्या तळ्यांत भिक्षू स्नान करीत. एक तळे सुमारे ४० मीटर तर दुसरे सुमारे २८ मीटर लांब आहे. धाकट्या तळ्याच्या टोकाला जाऊन जमिनीलगत पाहावे. भूमिगत नळाने आलेले पाणी आधी एका लहानशा दगडी हौदात पडे, तेथे गाळ खाली बसे आणि वरचे निवळ पाणी मकरमुखातून तळ्यात उतरे. शेजारीच पाच फण्यांचा नाग कोरलेला आहे. बहुतेक लोक काठावरून छायाचित्र काढून निघून जातात आणि तो हौद त्यांच्या नजरेतून सुटतो.

इतर ठिकाणी नुसती जोती आणि खांब दिसतात. ते कसे समजून घ्यावेत?

वरचे मजले लाकडाचे होते आणि ते जळाले किंवा कुजले. दगडाचे तेवढे उरले. बोधिवृक्षाजवळच्या लोहप्रासादाचे सुमारे १,६०० खांब याचे मोठे उदाहरण आहे. नऊ मजल्यांच्या आणि तांब्याच्या छपराच्या या भिक्षुनिवासाचे वर्णन इतिवृत्तात आहे. आज दिसणारे खांब अनेकदा झालेल्या पुनर्बांधणीतले आहेत.

पायऱ्यांपाशी थांबण्याची सवय लावून घ्यावी. अभयगिरी परिसरातील, ‘महासेनाचा महाल’ या चुकीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विहाराच्या पायथ्याशी सर्वांत सुंदर चंद्रशिला, म्हणजे पायरीपुढची अर्धवर्तुळाकार कोरीव शिळा, आहे. बाहेरच्या कडेला ज्वाळांची किनार, आत एकामागून एक धावणारे हत्ती, घोडे, सिंह आणि बैल, त्यानंतर वेलीची पट्टी, मग चोचीत कमळाची कळी धरलेले हंस आणि मध्यभागी अर्धे उमललेले कमळ. अनेक अभ्यासक यात संसारचक्रापासून निर्वाणापर्यंतचा मार्ग वाचतात. खाली बसून हत्तींची रांग पाहिल्यास प्रत्येकाची चाल निराळी असल्याचे लक्षात येते. जवळच्याच रत्नप्रासादाच्या दारात हाती पूर्णघट घेतलेला नागराज द्वारपाल म्हणून उभा आहे. तोही चुकवू नये.

पश्चिमेकडील वनविहारांत मात्र कोरीवकाम जवळजवळ नाही. पांसुकूलिक, म्हणजे टाकून दिलेल्या चिंध्यांचे चीवर वापरणारे, विरक्त भिक्षू येथे राहत. त्यांनी स्तूप, मूर्ती, बोधिवृक्ष यांपैकी काहीच उभारले नाही. दगडी पुलाने जोडलेले दोन साधे चौथरे एवढाच त्यांचा विहार. नक्षी आढळते ती फक्त मूत्रविसर्जनाच्या दगडांवर, आणि तीही अत्यंत समृद्ध. वैभवशाली विहारांविषयीचा आपला निषेध त्यांनी अशा रीतीने नोंदवला, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

समाधी बुद्धाच्या मूर्तीची एवढी ख्याती का आहे?

दोन मीटरहून थोडी अधिक उंचीची, संगमरवरासारख्या दगडातील ही ध्यानस्थ मूर्ती अभयगिरीच्या आवारात आहे. कारावासात असताना पंडित नेहरूंनी तिचे छायाचित्र जवळ बाळगले होते आणि त्यातून धीर मिळाल्याचे नमूद केले होते. सकाळच्या तिरप्या उजेडात, गर्दी होण्यापूर्वी ती पाहावी आणि समोरून पाहून झाल्यावर दोन्ही बाजूंनीही पाहावी, कारण उजेडाप्रमाणे चेहऱ्यावरील भाव पालटल्यासारखा वाटतो.

शाकाहारी जेवण मिळते का?

मिळते. भात, डाळ, फणस, भोपळा आणि पालेभाज्या यांचे नारळाच्या दुधातील प्रकार सर्वत्र असतात. सावध राहायचे ते खोबऱ्याच्या चटणीबाबत, कारण ‘पोल संबोल’मध्ये बहुधा मालदीवच्या सुक्या मासळीचा चुरा घातलेला असतो आणि स्थानिक लोक त्याला मांसाहार समजतातच असे नाही. ऑर्डर देतानाच मासळी नको असे सांगावे. पौर्णिमेच्या दिवशी देशभर मद्यविक्री बंद असते.

मिहिंतले वगळले तर चालेल का?

वगळू नये. शहराच्या पूर्वेला सुमारे १३ किलोमीटरवरील याच डोंगरावर महेंद्र स्थविर आणि शिकारीला निघालेला देवानंपिय तिस्स यांची भेट झाली, अशी परंपरा आहे. स्थविरांनी आंब्याच्या झाडाविषयी प्रश्न विचारून राजाची बुद्धी पारखली आणि मगच धम्म सांगितला. १,८४० पायऱ्या चढायच्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना वाहनाने बऱ्याच वरपर्यंत जाता येते. पायथ्याशी प्राचीन रुग्णालयाचे अवशेष आहेत. तेथील औषधी द्रोणी अखंड दगडात मानवी देहाच्या आकाराने कोरलेली आहे, डोके, खांदे आणि पाय ठेवण्याच्या खाचांसह. औषधी तेलात किंवा काढ्यात रुग्णाला निजवण्यासाठी ती वापरत.

हे शहर ओसाड का पडले?

इसवी सन ९९३ मध्ये राजराज चोळाच्या सैन्याने अनुराधपूर जिंकून लुटले आणि सत्ताकेंद्र पोलोन्नरुवला हलवले. १०१७ मध्ये पाचवा महिंद राजा पकडला जाऊन चोळ देशी नेला गेला. पुढे सिंहली राजांनी सत्ता परत मिळवली तरी राजधानी पोलोन्नरुवलाच ठेवली. तलावांची देखभाल खंडित झाली, जंगल वाढले आणि स्तूपांच्या टेकड्या झाल्या. बोधिवृक्षाची सेवा मात्र भिक्षूंनी आणि आसपासच्या गावकऱ्यांनी त्या शतकांतही सोडली नाही.

आठवण म्हणून विटेचा किंवा खापराचा तुकडा आणता येईल का?

नाही. जेतवनाच्या पायथ्याशी विटांचे तुकडे पडलेले दिसतात, पण तेथील कोणतीही वस्तू उचलणे हा कायद्याने गुन्हा आहे. बोधिवृक्षाचे गळालेले पान वहीत दाबून आणायला भिक्षूंची हरकत नसते. वाळूत ते सापडले नाही, तर आवारातील सेवेकऱ्याला विनंती करावी.